देवाची मूठ

कवठवाडीच्या ख्रिस्ती वस्तीत धान्य जात्यात घालायच्या आधी एक मूठ देवाची काढायची रीत होती. ती मूठ चुलीमागच्या गाडग्यात पडायची. आयतवारी गाडग्यातलं धान्य फडक्यात बांधून माणसं प्रार्थनाघरात यायची आणि कोपऱ्यातल्या मोठ्या रांजणात रितं करायची. वाहिलेल्या धान्याला मंडळीच्या पंचांना विचारल्याशिवाय कुणी हात लावत नसे. रांजणाच्या तोंडावर कायम पांढरं कापड असे. पुरचुंडीसकट हात कापडाखाली घालायचा, आतल्या आत गाठ सोडायची आणि फडकं मुठीत चुरगाळून हात बाहेर काढायचा. तेवढा वेळ बाकीच्यांनी डोळे मिटायचे. कुणी किती दिलं ते देवाला कळावं, शेजाऱ्याला नव्हे, एवढाच त्यामागचा विचार. फार पूर्वी वस्तीत एक बढाईखोर माणूस होता, त्याच्यामुळं हा नियम करावा लागला, असं म्हातारी माणसं हसत सांगायची.

विचार चांगलाच होता. त्यातून असं काही होईल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चाललं होतं, आणि कवठवाडीला तरी तिन्ही वर्षं पाऊस धड झाला नव्हता. चाकूरच्या बाजारात लोक म्हणायचे, "जिल्हा आला इकडं, पाऊस ऱ्हायला उस्मानाबादेत." पहिल्या वर्षी या बोलण्यावर हसू यायचं. आता कुणी हसत नव्हतं. गिरणीला द्यायला पैसे नसल्यानं बाया पुन्हा जात्यावर बसल्या होत्या, तेही दळायला काही असलं तर. वस्तीतली दोन घरं मंडळीतून नाव काढून गेली. ख्रिस्ती म्हणून राहिलं तर पोरांना सरकारी सवलत मिळत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि खरं तेच सांगत असल्यामुळं त्यांच्यावर रागावता आलं नाही. काही घरं पोट भरायला पुण्याकडं गेली. उरलेली माणसं हमीच्या कामावर पाझर तलावाची माती वाहत होती. लातूरचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा एसटीनं यायचे, तेही आता चुकू लागलं होतं.

प्रार्थनाघर उघडायचं, झाडायचं, आयतवारी लेकरांची शाळा घ्यायची, हे काम केवळाबाईंकडं होतं. साठी उलटलेली, अंगानं काटकी, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. लहानपणी बोर्डिंगात शिकलेल्या. लेकरांना शिकवायचं म्हटलं की त्यांचा आवाज आपोआप हळू व्हायचा, आणि गंमत अशी की आवाज हळू झाला की लेकरंही गप्प व्हायची. तीस-चाळीस वर्षांत त्यांनी कुणावर छडी उगारली नव्हती. वस्तीतल्या बहुतेक बाप्या-माणसांना प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलं होतं.

पण केवळाबाईंचं स्वतःचं काय चाललं होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रोज गुडघे टेकायच्या. शब्द यायचे. पण कोरड्या आडात पोहरा आपटावा तसं व्हायचं. नुसता आवाज यायचा आणि पोहरा रिताच वर. संक्रांतीपासून त्यांच्या चुलीमागचं गाडगंही रिकामं होतं. आयतवारी त्या रिकामं फडकं मुठीत दाबून रांजणापाशी जायच्या, कापडाखाली हात घालायच्या आणि तसाच बाहेर काढायच्या. लेकरांना 'आधी देवाची, मग आपली' शिकवणारी बाई रिकाम्या हातानं कशी जाईल, म्हणून.

आणि तरीही रांजण भरत होता.

संक्रांतीनंतर कापड बदलताना त्यांनी आत पाहिलं, आणि पुन्हा वाकून पाहिलं. ज्वारी मागच्या खेपेपेक्षा वर आली होती. पुढच्या वेळी आणखी वर. गावाच्या शिवारात दाणा नाही, माणसं चिंचेचा पाला उकडून खातात, आणि इथं रांजण वर वर येतो. आपल्या विश्वासाला वाळवी लागली असली तरी या माणसांचा विश्वास शाबूत आहे, असं त्यांना वाटलं. त्या रांजणाकडं बघून त्या आठवडा काढायच्या. खरं तर त्यांच्या विश्वासाला आता तेवढाच टेकू उरला होता.

चैत्र सरत आला तेव्हा दगडोबा त्यांच्या दारात आले. दगडोबा मंडळीचे पंच, आडव्या हाडाचा, कमी बोलणारा माणूस.

"आक्का," ते म्हणाले, "प्रार्थनाघराला कुलूप लावावं म्हंतो."

"कामून?"

"मी लेकाकडं लातूरला चाललो. जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधून राहिलेत, लई माणूस लागायलंय तिथं. गुरम्मावैनीचं घर बी निघालंय. ऱ्हातंय कोण? तुम्ही अन् चार लेकरं. पाऊस पडला की उघडू की."

"एकदा लागलेलं कुलूप उघडत न्हाई, दगडूभाऊ."

"मंग काय करावं म्हंता? उपाशी पोटी गाणी म्हनावी?"

केवळाबाई उठल्या. दगडोबांना प्रार्थनाघरात घेऊन गेल्या आणि रांजणावरचं कापड उचललं. दगडोबा वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला होता.

"ह्याला काय म्हनाल?" केवळाबाईंनी विचारलं.

"बरकत," ते पुटपुटले. "दुसरं काय म्हनावं?"

"मंग अशा ठिकानाला कुलूप लावताव?"

दगडोबांनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. लातूरचं जाणं त्यांनी महिनाभर पुढं ढकललं. केवळाबाईंनी ही गोष्ट पाळकसाहेबांना सांगितली, पाळकसाहेबांनी ती लातूरच्या मंडळीत सांगितली, आणि तिकडची माणसं हा रांजण बघायला येणार आहेत असा निरोपही आला.

निरोप आला त्याच्या पुढच्याच आयतवारची गोष्ट. ऊन सकाळीच चढलं होतं. लेकरं प्रार्थनाघरात भिंतीकडेला ओळीनं बसली होती. केवळाबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "मूठ काढायची कवा?"

"आधी," लेकरं म्हणाली.

"कुनाच्या आधी?"

"आपल्या आधी."

"सुवार्ता, तू सांग बरं, का आधी?"

सुवार्ता म्हणजे सिंधूची लेक. दहा-अकरा वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, सांगितलेलं जसंच्या तसं ध्यानात ठेवणारी. बाप वर्षापूर्वी कामाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. सिंधू दिवस उगवायच्या आत तलावावर जायची, म्हणून घरातलं दळण, चूल, पाणी सगळं या पोरीकडं. शनिवारी प्रार्थनाघर झाडायला बाईंच्या मदतीलाही तीच यायची, कुणी न सांगता. केवळाबाईंचा तिच्यावर फार जीव होता.

सुवार्ता उभी राहिली. भिंतीला हात टेकला. काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि भिंतीला घासत घासत खाली आली. डोकं फरशीवर आपटलं त्याचा आवाज झाला, पण पोर हूं की चूं करेना.

केवळाबाईंनी तिला उचललं. त्यांच्या वयाला एवढी पोर एका झटक्यात उचलता यायला नको होती. पण ती उचलली गेली, भुसा भरलेल्या पिशवीसारखी. परकराच्या नाडीपाशी हात लागला तर कमरेचं हाड बोटांना टोचलं. हे आपल्याला आजवर कसं दिसलं नाही? दर आयतवारी ही समोर बसायची.

"पानी आना," त्या म्हणाल्या. "हिनं सकाळी काय खाल्लं होतं?"

लेकरं एकमेकांकडं बघायला लागली. मार्था नावाची शेजारची पोर पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि अगदी सहज म्हणाली, "बाई, ती न्हाई खात. तिची भाकर देवाची हाय."

"काय?"

"तिच्या वाटंची ज्वारी ती देवाला टाकती. आमाला म्हनली होती, कुनाला सांगू नका. दिल्यालं सांगायचं नसतंय ना, बाई?"

मार्थाच्या बोलण्यात मैत्रिणीचा अभिमान होता. केवळाबाईंनी तांब्या घेतला आणि सुवार्ताच्या तोंडावर पाणी मारलं.

थोड्या वेळानं सुवार्तानं डोळे उघडले. बाईंच्या मांडीवर आहोत हे कळून ती लाजली आणि उठायला लागली.

"झोप," केवळाबाई म्हणाल्या. "मार्था म्हंती ते खरं हाय का?"

सुवार्तानं मार्थाकडं रागानं पाहिलं. मग मान हलवली.

"कवापासनं?"

"थंडीपासनं."

"का गं माय?"

सुवार्ता समजावून सांगू लागली. वर्गात उत्तर द्यावं तसं, नीट. "मायची मूठ मोठी हाय. माझी बारकी. माय कामाला जायला लागली, मग दळायला मी. मूठ बी माझीच पडायची. म्हंजी देवाला कमी जायचं की. म्हनून मी दोन टाकू लागले. तरी मला वाटायचं कमीच हाय. मग माझ्या वाटंचं समदं टाकलं. तुम्ही म्हनलाव, आधी त्याची, मग आपली. त्याची पुरी झाल्याबिगर आपली कशी घ्यायची?"

"अन् मायला काय सांगायचीस?"

"शाळंत सुकडी मिळती म्हनून."

"मिळती का?"

"ती तर दिवाळीलाच बंद झाली." पोर जरा थांबली. "मायनं लईच आग्रह केला तर चतकोर खायची. अन् चिंचा खायची. लबाड बोलले, बाई. पर देवापायी बोललं तर चालतंय ना?"

केवळाबाईंनी मान वर केली. समोर रांजण होता, त्यावर त्यांनीच धुऊन घातलेलं पांढरंशुभ्र कापड होतं. ज्या रांजणाकडं बघून त्यांनी आठवड्यांमागून आठवडे काढले, ज्याची साक्ष त्यांनी लातूरपर्यंत पोचवली, तो या पोरीच्या अंगातून भरत होता. आणि कापड त्या उचलत होत्या, ज्वारी बघत होत्या, देवाचे आभार मानत होत्या.

त्यांनी सुवार्ताचं डोकं अलगद सतरंजीवर ठेवलं, घरून पातेलं आणलं आणि रांजणात दोन्ही हात घातले.

तोवर उपासनेला मोठी माणसं जमायला लागली होती. दगडोबा दारात थबकले.

"आक्का, काय करायलाव? देवाचं हाय ते."

"देवाचं न्हाई."

"वाहिल्यालं हाय. पंचाबिगर हात लावायचा न्हाई, तुम्हीच सांगत आलाव जनमभर."

केवळाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "बरं. मंग पंचांनीच सांगावं. ह्यात तुमच्या घरची मूठ किती हाय?"

दगडोबांनी मागं उभ्या असलेल्या माणसांकडं पाहिलं. "ते विचारायचं नसतंय."

"माझी न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "संक्रांतीपासनं एक दाणा न्हाई. मी रिकामं फडकं घेऊन येती अन् रिकामंच घेऊन जाती. आता तुम्ही सांगा."

बाहेर कुठंतरी टँकरभोवतीचा घागरींचा खडखडाट ऐकू येत होता. मग गुरम्मा, उदगीरकडून या वस्तीत नांदायला आलेली म्हातारी, पदर तोंडाला लावून म्हणाली, "आमच्याकडचं बी न्हाई, बाई. सून म्हंती, लेकराच्या तोंडातलं काढू का?" तिच्या मागून एकानं मान हलवली. मग दुसऱ्यानं.

सगळ्यांची नजर दगडोबांवर आली. ते उंबऱ्यावरच खाली बसले.

"दसऱ्यापासनं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमचं हाय."

"मला वाटलं, तुमचं."

"मंग हे हाय कुनाचं?"

केवळाबाईंनी सतरंजीकडं बोट केलं. पुढं सांगायची त्यांना गरज पडली नाही. मार्थानं सगळं सांगून टाकलं, आता तर तिला गुपित राखायचं कारणच उरलं नव्हतं. दगडोबा ऐकत होते. इतकी वर्षं मयतीच्या वेळी खड्डा खणायला सगळ्यात पुढं असणारा हा माणूस, त्यानं कधी कुणापुढं डोळ्याला रुमाल लावला नव्हता. आताही लावला नाही. तो नुसता त्या पोरीच्या पायांकडं बघत बसला. काड्यांसारखे पाय.

"उखळ कुठं हाय?" त्यांनी एकाएकी विचारलं.

ज्वारी त्यांनीच कांडली. बायांनी मागच्या अंगणात चूल मांडली, पातळ कण्या शिजवल्या, मीठ घातलं. एक माणूस तलावावर सिंधूला बोलवायला पळाला. केवळाबाईंनी वाटीत कण्या घेतल्या, फुंकून निववल्या आणि सुवार्तासमोर धरल्या.

सुवार्तानं तोंड फिरवलं.

"खा, माय."

"ते देवाचं हाय."

"न्हाई गं. तुझंच हाय ते."

"मी दिलंय की त्याला. दिल्यालं परत घ्यायचं नसतंय. तुम्हीच म्हनलाव."

पोरीचा एकही शब्द चुकीचा नव्हता. सगळे त्यांचेच शब्द होते, एकेक करून परत येत होते. मुलांना शिकवताना ज्या गोष्टी आपण सोप्या करून सांगतो त्या मुलं किती खऱ्या धरतात, हे त्यांना ठाऊक होतं असं त्या समजत होत्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. "आमी कुनीच मूठ घातली न्हाई. मी बी न्हाई. समद्यांच्या रिकाम्या मुठी होत्या."

सुवार्तानं एकेकाकडं पाहिलं. दगडोबांकडं, गुरम्माकडं, शेवटी बाईंकडं. तिच्या डोळ्यांत आधी काही आलं नाही. मग हळूहळू आलं, आणि ते बघणं केवळाबाईंना नको झालं.

"म्हंजी देव माझ्या एकटीचंच खात हुता?"

"देव खात न्हाई, माय. मी तुला चुकीचं शिकवलं."

"मग पाऊस का आला न्हाई?"

"मला ठाऊक न्हाई."

बाईंना एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे सुवार्तानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती उठून बसली. मग म्हणाली, "प्रार्थना तरी करा. प्रार्थना न करता कसं खायचं?"

केवळाबाईंनी डोळे मिटले. जेवणाआधीची प्रार्थना त्यांना झोपेतही येत होती. ती 'आभार' या शब्दानं सुरू व्हायची. तो शब्द ओठांपाशी आला आणि अडला. माणसं वाट बघत होती. वाटीतली वाफ त्यांच्या हनुवटीला लागत होती.

"प्रभू," त्या शेवटी म्हणाल्या, आणि तो आवाज लेकरांना शिकवण्याचा नव्हता, "हे लेकरू तुझ्या नावानं उपाशी ऱ्हायलं. तुला दिसत हुतं. मला दिसलं न्हाई, पर तुला दिसत हुतं. मला तुझा राग आलाय. माझा मला त्याहून जास्त आलाय. आज आभार मानायला माझी जीभ वळत न्हाई. तरी तुलाच सांगती, कारन हे सांगायला दुसरं कुनी न्हाई माझ्याकडं. ह्या पोरीला जगीव. आमेन."

कुणी आमेन म्हणायचं की नाही, हे माणसांना कळेना. दगडोबा म्हणाले, मग बाकीचे म्हणाले.

सुवार्तानं एक घोट घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला तिनं वाटी स्वतःच्या हातात घेतली.

सिंधू आली ती धावतच, कमरेपर्यंत मातीनं माखलेली. वाटेत तिला सगळं कळलं होतं. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी धरून पाहिला, पोटावरचं पोलकं वर करून फासळ्या पाहिल्या, आणि तिथंच बसली. आपण रोज रात्री हिच्या शेजारी निजत होतो, असं काहीतरी ती स्वतःशी बोलत होती. मग तिनं वर पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "मी तुमच्या भरवशावर टाकून जायची हिला. म्हनायची, आयतवारी बाईंकडं हाय, काळजी न्हाई."

"हाव," केवळाबाई म्हणाल्या.

"माफी मागू नका. मला द्यायला जमनार न्हाई."

"मागत न्हाई."

"पुढल्या आयतवारी हिला पाठवनार न्हाई." सिंधूनं लेकीच्या केसांतली माती झटकली, ती माती तिच्याच हाताची होती. "म्हंजी एकटीला पाठवनार न्हाई. मी बी येनार. रोजगार बुडला तर बुडू द्या. काय शिकवताव ते मला ऐकायचंय."

त्या आठवड्यात रांजणाचं कापड निघालं ते निघालंच. रोज दुपारी दगडोबा ज्वारी कांडायचे आणि वस्तीतली लेकरं कण्या प्यायची. गावातली दोन-चार दुसरी लेकरंही वासानं आली, त्यांनाही कुणी उठवलं नाही. लातूरच्या पाहुण्यांना येऊ नका असा निरोप गेला, का ते केवळाबाईंनी स्वतः जाऊन पाळकसाहेबांना सांगितलं. रांजण फार दिवस पुरणार नव्हता आणि पुढं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. दगडोबांचं लातूरला जाणं अजून ठरलेलं नव्हतं. कुलपाचा विषय मात्र त्यांनी काढला नाही.

आयतवारी सिंधू आली. लेकीला पुढ्यात घेऊन ती लेकरांच्या मागं भिंतीला टेकून बसली आणि केवळाबाईंकडं रोखून बघू लागली. दगडोबाही दाराशी बसले. केवळाबाई उभ्या राहिल्या. आदल्या रात्रभर त्यांनी आज काय शिकवायचं याचा विचार केला होता, आणि आता त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

"आज कोन काय खाऊन आलंय?" त्यांनी विचारलं.

लेकरांना हा प्रश्न नवा होता. त्याचं बरोबर उत्तर कोणतं, हे बघायला ती एकमेकांकडं वळली.

"खरं सांगायचं," केवळाबाई म्हणाल्या. "खऱ्याला मी रागावनार न्हाई."

मार्थानं सांगितलं, भाकरीचा तुकडा. तिच्या शेजारच्यानं सांगितलं, काही नाही. त्याच्या शेजारचीनंही काही नाही. केवळाबाई एकेकासमोर थांबत ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या, सुवार्तापाशी पोचल्या, आणि वाकल्या.

"अर्धी भाकर," सुवार्ता म्हणाली, आणि आईकडं वळून पाहिलं. सिंधूनं मान हलवली.

मग केवळाबाई चूल पेटवायला मागच्या अंगणात गेल्या. त्या दिवशी धडा फार उशिरा सुरू झाला.